लाल गाडीचे रिकामे वजन

तुरीचा दाणा दाताखाली कटकन फुटला तर माल वाळलेला. चपटा झाला तर ओला.

हेमलताबाई निकम, वय चौसष्ट. धुळे कोर्टात एकतीस वर्षे वकिली. उजवा गुडघा चांगला आहे. डावा नाही.

निळ्या गाडीला दोन पेडल. लाल गाडीला तीन.

एरंडोलच्या पुढे जुन्या रस्त्याचा एक तुकडा हायवेपासून सुटून पडला आहे. त्यावर तीन वळणे आहेत. शेळ्या सोडल्या तर तिकडे आता कुणी जात नाही.

प्रेमकुंवरबाईंनी सुनेला विचारले, "याचे शर्ट ढगळ झालेत, का तूच मोठे आणतेस?"

माल : तूर. निव्वळ वजन : ५० किलो.

*

जळगावच्या एमआयडीसीत लखीचंद छाजेड यांची दाल मिल आहे. फाटकातून आत आले की आधी काटा लागतो. जमिनीशी समतल बसवलेला लांब लोखंडी पाटा, शेजारी एक खोली, खोलीत एक संगणक आणि रोहिदास.

रोहिदास मूळचा सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याच्या वरच्या अंगाचा. अठ्ठावीस वर्षे तो या खिडकीतून गाड्या पाहतो आहे. माल भरलेली गाडी येते, पाट्यावर थांबते, तो वजन घेतो. गाडी आत जाऊन रिकामी होते, परत पाट्यावर येते, तो पुन्हा वजन घेतो. मोठ्या आकड्यातून लहान आकडा जातो. उरतो तो माल.

त्याचा एक नियम आहे. ड्रायव्हर भरल्या गाडीत बसून राहिला तर रिकाम्या गाडीतही त्याने बसायचे. उतरला तर दोन्ही वेळा उतरायचे. कारण एकदा भरल्या गाडीच्या केबिनमध्ये चौघे जण बसून आले आणि रिकामी गाडी एकटा ड्रायव्हर घेऊन आला. त्या दिवशी तीन माणसे तूर म्हणून जमा झाली.

घराचीही एक रीत आहे. कोणतेही वाहन घरात आले, ट्रक असो, ट्रॅक्टर असो, सुनेची स्कूटर असो, ते आधी काट्यावर जाते. नारळ फुटतो आणि त्याचे रिकामे वजन रोहिदासच्या वहीत चढते. त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर माणसे आहेत. धनतेरसला काट्याची पूजा झाली की घरातला प्रत्येक जण गोदामातल्या पोत्यांच्या छोट्या काट्यावर एकदा उभा राहतो. ही हौस लखीचंद यांच्या वडिलांची. जुनी वही भरली की मागची पाने नव्या वहीत उतरवली जातात, एकही आकडा न गाळता. तरुणचे पहिले वजन तिथे आहे : नऊ किलो चारशे, टोपडे धरून.

तरुण लखीचंद यांचा एकुलता मुलगा. वय सदतीस. मिलची यंत्रे तो सांभाळतो. शिंदखेड्याजवळच्या माळावर चुन्याने वाट आखून, घड्याळ लावून गाड्या पळवतात, तिथे तो घरची साधी गाडी घेऊन दोनदा तिसरा आला होता. एक खरी स्पोर्ट्स कार घ्यायची हे तो कॉलेजपासून म्हणत आला. यंदा लखीचंद स्वतःहून म्हणाले, "घेऊन टाक. मी डोळ्यांनी बघतो तरी."

*

गेल्या श्रावणात जिना चढताना तरुणच्या डाव्या पायाचा चवडा पायरीला अडकला. चार दिवसांनी पुन्हा. दसऱ्यापर्यंत डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहू लागली. दिवाळीच्या तोंडावर तो आणि त्याची बायको आयुषी मुंबईला गेले. घरी सांगितले, गाड्यांचे प्रदर्शन आहे.

मुंबईच्या डॉक्टरांनी पायात सुया टोचून तपासले, मग हातात टोचून तपासले. मग खुर्ची ओढून जवळ बसले. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले तेव्हाच आयुषीला कळले, असे ती नंतर म्हणाली. नसांचा आजार. स्नायू वाळत जाणार. डाव्या पायापासून सुरू झाला आहे, तिथे थांबणार नाही. थांबवेल असे औषध नाही.

धनतेरस त्या प्रवासात गेली. वहीत तरुणच्या नावापुढे रोहिदासने लिहिले, 'मुंबई'.

परतीच्या गाडीत, जळगावच्या आधी कधीतरी, आयुषीने विचारले, "घरी कधी सांगायचं?"

"गाडी घेऊन झाल्यावर."

"गाडीचा काय संबंध?"

"आधी सांगितलं तर गाडी ते निवडतील."

तेव्हापासून वजन कमी करतोय हे त्याने स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवले. शर्यतीत पळवणारे करतातच. आईने, प्रेमकुंवरबाईंनी, ते मानले आणि त्याची चेष्टाही केली. "लोक गाडी हलकी करतात, हा स्वतः हलका होतोय," त्या म्हणायच्या आणि सूर्य मावळायच्या आत त्याच्या पानात आणखी एक बट्टी टाकायच्या.

*

निळी गाडी गुरुवारी आली. नाशिकच्या शोरूमचा माणूस घेऊन आला. साडेचारशे हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक, दोन पेडल, कातडी सीट, थंडीत गरम होणारे स्टिअरिंग.

"जळगावात थंडी किती दिवस असते ते त्यांना माहीत नसेल," लखीचंद म्हणाले. पण ते खूश होते. त्यांनी दार उघडून लावले. परत उघडून लावले. "आवाज ऐक. तिजोरी."

तरुण चालवायला बसला. शोरूमचा माणूस शेजारी.

"सर, तुम्ही फक्त बसा. बाकी सगळं ती बघते."

हायवेला लागल्यावर तरुणने उजवा पाय थोडासा दाबला. पाठ सीटला चिकटली. पुढचा टँकर मागे गेला, त्यापुढची बस मागे गेली. पाळधीचा फाटा आला आणि गेला. वळणावर गाडीने आपल्या आपण काहीतरी सावरले, कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा ते ठरवले आणि पुढच्या पडद्यावर एक पिवळी खूण लुकलुकून विझली.

"काय झालं?" तरुणने विचारले.

"काही नाही सर. तुमचं थोडं चुकलं होतं. तिने केलं बरोबर."

परत आल्यावर रीतीप्रमाणे शोरूमच्या माणसाने निळी गाडी काट्यावर नेली. त्याला रोहिदासने उतरवले. सोळाशे ऐंशी.

"वजनदार आहे," लखीचंद म्हणाले.

*

लाल गाडी धुळ्यात हेमलताबाईंच्या अंगणात, कडुनिंबाखाली, चादर पांघरून उभी होती. जपानी, दोन सीटची, कापडी छप्पर हाताने मागे टाकायचे. एकशे तीस हॉर्सपॉवर. गिअर हाताने, क्लच पायाने. हेमलताबाईंचा भाऊ जहाजावर होता, त्याने खटपट करून ती मागवून दिली होती. पंधरा वर्षे त्या तिच्यातून कोर्टात गेल्या.

"पहिल्या वर्षी लोक म्हणायचे, निकम बाईंनी गाडी घेतली," त्या म्हणाल्या. "नंतर म्हणायला लागले, गाडी आली, म्हणजे निकम बाई आल्या असतील."

"चालवून बघू?"

"त्यासाठीच बोलावलंय. डावा पाय कसा आहे?"

तरुणने छपराची कडी सोडवता सोडवता विचारले, "म्हणजे?"

"म्हणजे डावा पाय. माझा गुडघा गेला म्हणून मी विकतेय. क्लच हलका आहे, गाडीच हलकी आहे ना. पण दाबावा लागतोच. उजव्या पायावर काय, कुणीही चालवेल."

"चांगला आहे."

हेमलताबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "एकतीस वर्षं मी लोकांची उत्तरं ऐकलीत," त्या म्हणाल्या आणि मग हसल्या. "जाऊ दे. घेणारा याहून वेगळं काय सांगणार. दोन दिवस घेऊन जा, घरी दाखव. तुझी गाडी इथे ठेव. पळून गेलास तर तुझी मी चालवेन, ऑटोमॅटिक आहे ना?"

"हो."

"मग चालेल."

धुळ्याहून येताना पारोळा ओलांडल्यावर त्याने हायवे सोडला आणि एरंडोलच्या अलीकडे तो जुन्या रस्त्याचा तुकडा शोधून काढला. छप्पर मागे टाकले. पहिल्या वळणाला तो लवकर वळला. रस्त्यातला खडा न् खडा स्टिअरिंगमधून तळहातात आला. दुसऱ्या वळणाला उशीर केला, तर गाडीचे शेपूट हलले. ते आधी कंबरेला कळले, मग डोळ्यांना. ब्रेक, क्लच, गिअर, सोड. तिसरे वळण बरोबर गेले. कुठलीही पिवळी खूण लागली नाही, कारण गाडीत तशी खूणच नव्हती.

डावा पाय दोनदा पेडलवरून घसरला. दोन्ही वेळा त्याने तो हाताने उचलून परत ठेवला.

*

जेवताना.

"ती खेळण्यातली आहे," लखीचंद म्हणाले. "तिच्यात बसायचं का पायात घालायची? निळी बघ. घेतली की गावाला कळलं पाहिजे."

"बाबूजी, निळीचं सोळाशे ऐंशी आहे. लालचं हजाराच्या आसपास असेल."

"मग? माल वजनाला भरला पाहिजे."

"ओली तूरपण वजनाला भरते."

लखीचंद यांचा हात ताटात थांबला. पन्नास वर्षे ते पोत्यातून मूठ काढून एक दाणा दाताखाली धरत आले आणि आडत्यांना हेच सांगत आले, की वजन काय बघतोस, वजनातले पाणी बघ. त्यांचेच वाक्य त्यांच्याच ताटात येऊन पडले होते.

"निळीत सहाशे किलो पाणी आहे," तरुण म्हणाला. "ते ओढायला साडेचारशे घोडे लागतात. थांबवायला मोठे ब्रेक लागतात. सावरायला संगणक लागतो. मग त्याचं पुन्हा वजन."

"तू माझ्याशी तुरीचं बोलू नकोस."

"तुमच्याशी आणखी कशाचं बोलणार?"

प्रेमकुंवरबाई हसल्या. आयुषी हसली नाही. लखीचंद म्हणाले, "उद्या काट्यावर घे. कळेल किती सुकी आहे ती."

*

शनिवार. माघ संपत आला होता, तुरीचा हंगाम. फाटकाबाहेर सहा ट्रक उभे. त्यांच्यामध्ये लाल गाडी, ट्रकच्या चाकाएवढी उंच.

तरुणने ती पाट्यावर घेतली. रोहिदासने खिडकीतून मान काढली.

"भाऊ, गाडी पाटावर उनी का? काटा ते हालनाच नही."

"चष्मा लाव."

"लायेल शे. हजार पासष्ट. इतली ते मन्ही म्हैस व्हई, पारडू धरीसन."

"मला धरून आहे ते. थांब, उतरतो."

उतरायला वेळ लागला. गाडी जमिनीलगत. तरुणने दार उघडले, उजवा पाय बाहेर टाकला, चौकट धरली, डावा पाय गुडघ्याखाली दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला, मग उठला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. रोहिदासने दुसरे वजन घेतले. एक हजार पंधरा.

एकाच नंबरच्या गाडीची दोन वजने झाली की यंत्र समजते, व्यवहार पुरा झाला. पावती आपोआप निघते. 'माल' या रकान्यात आधीच्या ट्रकचे नाव तसेच राहिले होते. रोहिदासने एक प्रत तरुणला दिली, ती त्याने न वाचता खिशात घातली. दुसरी खिळ्याला टोचली.

खिळ्यावरच्या पावत्या चार वाजता लखीचंद यांच्या टेबलावर जातात. ते वरून खाली वाचत नाहीत. सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचतात.

गाडी : एमएच १८
माल : तूर
भरलेले वजन : १०६५ किलो
रिकामे वजन : १०१५ किलो
निव्वळ वजन : ५० किलो

*

"रोहिदास, हे कुणाचं? पन्नास किलो तूर घेऊन काट्यावर कोण येतं?"

"ती लाल गाडी, शेठ. तरुणभाऊनी."

"तिच्यात तूर होती?"

"नही शेठ. तूर नही."

"मग पन्नास किलो काय आहे?"

रोहिदासने पावती घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, परत दिली. बाहेर एक ट्रक पाट्यावर येऊन उभा होता. त्याचे वजन घ्यायचे राहिले.

"पहिलं वजन भाऊ धरीसन व्हतं," तो म्हणाला. "दुसरं भाऊ उतरी गया तव्हय. मन्ही चूक व्हयनी शेठ. दोन्ही सारखं घेवाले पाहिजे व्हतं."

लखीचंद यांनी वही मागितली. मागची पाने उघडली. तरुणच्या नावापुढच्या आकड्यांवरून बोट एकेक करून खाली आले. सत्तर. बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर. मग 'मुंबई'.

"ट्रक घे," ते रोहिदासला म्हणाले आणि वही घेऊन गोदामाकडे गेले.

*

गोदामात तुरीची थप्पी छतापर्यंत. पोत्यांचा छोटा काटा दाराजवळ. तरुण चाळणीच्या मोटारीजवळ होता, हाताला ग्रीस लागलेले. वडिलांनी बोलावले तसा आला.

"यावर उभा राहा."

"आता?"

"धनतेरसला राहिला होतास."

तरुणने वडिलांच्या हातातली वही पाहिली आणि उभा राहिला. एकोणपन्नास किलो तीनशे पन्नास.

"बूट काढ."

उजवा बूट सहज निघाला. डाव्याला वेळ लागला. लखीचंद वाकले नाहीत, मदत केली नाही, फक्त पाहत राहिले. अठ्ठेचाळीस किलो सातशे.

"गाडीसाठी कमी करतोयस."

"नाही, बाबूजी."

मग त्याने सांगितले. आजाराचे नाव, डॉक्टर काय म्हणाले, डावा पाय, मग उजवा, मग हात किंवा आधी हात, ते कुणाला सांगता येत नाही. मिलमध्ये चाळणी चालू होती, त्यामुळे दोघांनाही थोडे मोठ्याने बोलावे लागले. मध्येच एक हमाल पोते घेऊन दारात आला आणि परत गेला.

लखीचंद पोत्यावर बसले. सवयीने एका फाटक्या कोपऱ्यातून त्यांनी एक दाणा काढला, दातांत धरला. चावला नाही.

"आयुषीला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आईला?"

"नाही."

"रोहिदासला?"

"तुमच्याकडून आत्ताच कळलं असेल."

त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग बोलले ते नेहमीच्या आवाजात, आडत्याशी बोलतात तसे.

"निळी घे."

"बाबूजी—"

"ऐक. लाल किती दिवस चालवशील?"

"ते डाव्या पायावर आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षभर. कमीपण असेल." (पुढे प्रत्यक्षात सातच महिने मिळाले.)

"आणि निळी?"

"तिला उजवा पाय आणि हात पुरतात. दीड वर्षं. जमलं तर दोन."

"म्हणजे निदान सहा महिने जास्त."

"हो."

"आणि ते तू सोडतोयस. मी आयुष्यात काट्यावर पाच किलो सोडले नाहीत. तू सहा महिने सोडतोयस, एका खेळण्यासाठी."

तरुण काट्यावरून उतरला होता, पण अनवाणीच उभा होता. सिमेंट थंड होते.

"निळीत मी बसलो होतो ना गुरुवारी," तो म्हणाला. "एका वळणाला माझं चुकलं. तिने ते बरोबर केलं, मला कळूपण दिलं नाही. तो माणूस म्हणाला म्हणून कळलं. माझा पाय गेला तरी ती तशीच जाईल. हात गेले तरी जवळजवळ तशीच. तिच्यात दोन वर्षं मी चालवीन असं नाही. मी दोन वर्षं तिच्यात बसेन. बसायचं तर पुढे आहेच सगळं."

लखीचंद यांनी दाणा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"लाल गाडी चुकलं की सांगते. उशीर झाला की कंबरेत कळतं. अजून कळतंय मला. ते आहे तोवर."

"आणि पाय गेला की?"

"मग हेमलताबाईंना विचारू, आणखी कुणाला हवी आहे का."

चाळणी बंद झाली. एकदम शांत झाले आणि दोघांनाही आवाज कमी करायचे सुचले नाही, म्हणून लखीचंद यांचा पुढचा प्रश्न सगळ्या गोदामात ऐकू गेला.

"निळीत पाणी किती म्हणालास?"

"सहाशे किलो. जास्तच थोडं."

त्यांनी दाणा चावला. फुटला.

*

प्रेमकुंवरबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. त्यानंतर शर्टांबद्दल त्यांनी कधी विचारले नाही. दुपारी जैन स्थानकातून आल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि लाडू वळत बसल्या. आयुषी शेजारी बसली. दोघींनी मिळून डबा भरला.

लखीचंद तरुणबरोबर धुळ्याला गेले. कागद झाले. हेमलताबाईंनी किल्ली देताना तरुणच्या पायाकडे पाहिले नाही. लखीचंद यांना म्हणाल्या, "दुसऱ्या गिअरला थोडी हट्टी आहे. ओढू नका म्हणावं, थांबलं की जाते."

"मला चालवता येत नाही," लखीचंद म्हणाले. "मला फक्त तोलता येतं."

जळगावात आल्यावर नारळ फुटला. रोहिदासने या वेळी तरुणला आधी उतरवले, मग वजन घेतले. वहीच्या पहिल्या पानांवर, शेवटच्या ट्रकच्या खाली, लिहिले : लाल गाडी, दोन सीट, रिकामे वजन १०१५. मग त्याने वही उलटी केली, मागची पाने काढली आणि 'मुंबई'च्या खालच्या ओळीवर पेन टेकवून लखीचंद यांच्याकडे पाहिले.

"नाही," लखीचंद म्हणाले. "धनतेरसलाच."

*

फाल्गुनातला एक रविवार, सकाळचे आठ. बापलेक लाल गाडीतून एरंडोलच्या पुढे. छप्पर मागे. लखीचंद यांनी टोपी मांडीखाली दाबून ठेवली होती. सीटच्या मागे प्रेमकुंवरबाईंनी दिलेली पिशवी : बट्ट्या, डाळ, लोणचे, लाडूंचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, वर एक चादर, कशाला ते कुणी विचारले नाही.

जुन्या रस्त्याच्या तोंडाशी तरुणने वेग कमी केला. पहिले वळण घेतले. गाडी जडपणे वळली, लखीचंद दारावर रेलले.

"असंच वळते का ही?"

"नाही. दोघे आहोत ना."

"मी किती आहे?"

"पंच्याऐंशी. वहीत आहे."

"थांबव."

तरुणने थांबवली. लखीचंद उतरले. त्यांनाही वेळ लागला, बहात्तर वर्षांचे अंग जमिनीलगतच्या सीटवरून काढायला. उतरून त्यांनी सीटच्या मागून पिशवी काढली, हातात झुलवून पाहिली.

"साडेचार किलो," ते म्हणाले आणि ती रस्त्याच्या कडेला ठेवली. मग मागे गेले. "डिकी उघड."

"डिकीत काही नाही बाबूजी. नुसतं जादाचं चाक आहे."

"उघड."

चाक त्यांनी स्वतः काढले. तरुण उतरायला लागला तर हातानेच बस म्हणाले. चाक मांडीला टेकवत त्यांनी ते बाभळीखाली आणले. त्यामागे जॅक आणला. पान्याची पिशवी आणली. लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली नारळाची कवटी निघाली, पूजेची. तीही आणली.

"पंक्चर झाली तर?"

"तीनच वळणं आहेत. मी चाक घेऊन चालत येईन." ते परत गाडीपाशी आले, आत डोकावले, दारातल्या कप्प्यातून कागदांचे पाकीट काढले, त्याचे वजन किती ते पाहिलेही नाही. "आणखी काय आहे तुझ्याकडे?"

तरुणने खिशातून मोबाइल काढून दिला. घड्याळ काढून दिले. एवढे करून तो हसला.

"बाबूजी, आता फक्त मी राहिलो."

"तू राहू दे," लखीचंद म्हणाले. "जा."

ते बाभळीखाली जादाच्या चाकावर बसले. पिशवी मांडीवर. गाडी गेली. पहिले वळण दिसत होते, पुढची दोन फक्त ऐकू येत होती. इंजिनाचा आवाज चढला, तुटला, खालच्या सुरात पुन्हा लागला, चढला. एक शेळी थांबून पाहू लागली. आवाज पार पलीकडे गेला, वळला, परत येऊ लागला. लखीचंद यांना गाड्यांतले काही कळत नव्हते. आवाज तुटला की तेवढ्यात डावा पाय खाली गेला, एवढे कळले होते. ते मोजू लागले.

गाडी त्यांच्यासमोरून गेली. तरुणने पाहिले नाही, समोर बघत होता. परत गेली.

सतरा झाले. अठरा.

त्या शनिवारी, काट्याच्या पाट्यावरून खाली उतरताना, डावा पाय क्लचवरून सुटून लाल गाडी दोनदा बंद पडली होती; आज अजून एकदाही नाही.